झुमकीला पिल्लं होऊ द्यावीत का? छोट्या कुत्र्यांचे आनुवंशिक आजार आणि पिल्लं काढणाऱ्याची जबाबदारी

खाडीकाठ

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून लिहितेय. आमच्याकडे झुमकी आहे, टॉय पॉमेरेनियन, वय दोन वर्षं, वजन सव्वादोन किलो.

पडवीतून खळ्यात उतरायला आमच्याकडे चिऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. अकराव्या महिन्यापासून झुमकी शेवटच्या पायरीवर अडखळायला लागली. उतरली की मागचा डावा पाय पोटाशी धरून तीन पायांवर चार-पाच पावलं टुणटुणत जायची, मग पाय एकदा मागे झटकायची आणि काही झालंच नाही अशी पळत सुटायची. सासूबाई म्हणाल्या, काटा रुतला असेल. तळवा उलटा करून पाहिला, बोटांमधले केस बाजूला करून पाहिले, काही नाही. दोन महिने आम्ही काटाच शोधत होतो.

शेवटी कोल्हापूरला दाखवलं. डॉक्टरांनी तिला उभं केलं, मांडीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला हलकेच ढकलली. वाटी सरकली. मग माझा अंगठा तिथे ठेवायला लावला. चिंचोक्याएवढं हाड आपल्या बोटाखालून निसटतं, ते मी अजून विसरलेले नाही. डावा गुडघा दुसऱ्या ग्रेडचा, उजवा पहिल्या.

ज्यांच्याकडून आणली त्यांना फोन केला. ते म्हणाले, घरात गुळगुळीत फरशी असेल, कॅल्शियम चालू करा. आमचं अर्धं घर अजून शेणाने सारवलेलं आहे.

आता खरा प्रश्न. झुमकी दिसायला फार देखणी आहे. घरचे, शेजारचे, सगळे म्हणतात की एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मादीच्या तब्येतीला ते चांगलं असतं. नणंदेने एक पिल्लू आधीच सांगून ठेवलंय. आणि त्याच गृहस्थांनी स्वतःहून निरोप पाठवलाय की त्यांच्या नराशी मेटिंग करू, पैसे नकोत, बदल्यात एक पिल्लू द्या. पुढच्या वेळी ती हीटवर येईल तोवर मला ठरवायचंय. माझं मन होत नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे धड कारणही नाही. जाणकारांनी सांगावं.

तांबडी_माती

ताई, एवढा विचार करू नका. आमच्या मादीला दोनदा पिल्लं झाली, ठणठणीत आहे. ग्रेड दोन म्हणजे काही फार नाही, कित्येक पॉम तशाच आयुष्य काढतात. आणि आपल्याकडे चांगल्या पॉमची पिल्लं हवी असणारे खूप आहेत, मुंबईहून माणसं येऊन घेऊन जातात.

गुरांचा_डॉक्टर

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालो. नोकरी गायीगुरांत आणि शेळ्यांत गेली, पण शेवटच्या दहा-बारा वर्षांत दवाखान्याच्या बाकावर छोटी कुत्री जास्त दिसायला लागली होती.

आधी तो समज बाजूला ठेवू. एकदा व्याली की मादीची तब्येत सुधारते, याला शास्त्रात आधार नाही. पिल्लं झाल्याने गर्भाशयात पू होण्याचा धोकाही टळत नाही, तो नसबंदीने टळतो. उलट सव्वादोन किलोच्या मादीला बाळंतपण हीच जोखीम आहे. छोट्या जातींत पोटात अनेकदा एक किंवा दोनच पिल्लं असतात, मग ती आईच्या मानाने मोठी होतात, डोकं अडकतं. त्रेसष्ट दिवसांचा हिशेब करा. मेटिंग मेमध्ये झालं तर बाळंतपण जुलैत, रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस कोसळतोय आणि कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात दरड आलीय. सिझर कुठे करणार? मी अशा दोन मादी गमावलेल्या पाहिल्यात, दोन्ही वेळा मालक टेबलापाशी उभे होते आणि माझ्याकडे भूल द्यायची सोय नव्हती. सुखरूप व्याली तरी दूध पाजायच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन आकडी येऊ शकते. छोट्या माद्यांत हे जास्त दिसतं, आणि तेव्हा हातात दिवस नसतात, तास असतात.

आता वाटीविषयी. पहिल्या ग्रेडला वाटी ढकलली तर सरकते, सोडली की जागेवर येते. दुसऱ्याला ती चालताना आपोआप सरकते आणि पाय ताणला की परत बसते. झुमकी जो पाय झटकते ना, ती स्वतःच वाटी जागेवर बसवते. तिसऱ्याला वाटी बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवली तरी राहत नाही. चौथ्याला हातानेही बसत नाही. म्हणजे तांबडी_माती म्हणतात ते झुमकीच्या जगण्यापुरतं बरोबर आहे. वजन वाढू दिलं नाही, मागच्या मांड्यांचे स्नायू चालवून घट्ट ठेवले, तर कदाचित शस्त्रक्रिया लागणारही नाही. पिल्लं काढायची की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

छोट्या जातींत हा दोष बहुतेक वेळा जन्मजात ठेवणीतून येतो. मांडीच्या हाडाची खाच उथळ असते, नडगीचं हाड किंचित वळलेलं असतं, आणि ही ठेवण आईबापांकडून आलेली असते. फरशीने तो दोष उघडा पडतो, पण निर्माण होत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाडाची खाच खोल होत नाही. यात एक जनुक नाही, अनेक मिळून हे घडवतात. म्हणून रक्त तपासून याचा निकाल मिळत नाही. आई, बाप आणि भावंडं यांचे गुडघे हाताने तपासणं, हीच चाचणी. तीही वर्षाच्या आत केली तर भरवशाची नाही.

माझं मत विचाराल तर झुमकीची पिल्लं काढू नयेत. आणि तुम्हाला जो नर देऊ करताहेत त्याचा बाप कोण, एवढं मात्र जरूर विचारा.

सुरंगी

खाडीकाठ, तुमची पिल्लू आणतानाची जागा मला ओळखीची वाटतेय. इथे नाव लिहू नका, व्यनि (खाजगी निरोप) करते. माझा पॉम दोन वर्षं चार महिन्यांचा आहे, मालवणात. त्याचेही दोन्ही गुडघे तसेच.

कलमवाला

देवगड. डॉक्टरांनी शास्त्र सांगितलंच आहे, मी माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

आमची आंब्याची बाग आणि लहानशी रोपवाटिका. वडील मला सांगायचे, "झाड कसा धरता ता बघल्याशिवाय काडी काढू नको." ज्याच्या काडीचं कलम बांधायचं तो मातृवृक्ष दहा वर्षं डोळ्यांखाली असतो. किती धरतो, साका (गरातला खराब भाग) किती, मोहर कधी येतो, सगळं तोंडपाठ. एवढं कळत असूनही मी डॅशंड, लांब पाठीचा आखूड पायांचा कुत्रा, पाळला तेव्हा ते डोकं वापरलं नाही. नर दीड वर्षाचा झाला, अंगाने भरला, रंग काळाभोर, आणि तीन तालुक्यांतून लोक मादी घेऊन यायला लागले. अडीच वर्षांत त्याची चौदा पिल्लं झाली.

तो पाच वर्षांचा असताना एका सकाळी उठला तो पुढच्या दोन पायांवर. मागचे पाय मागे फरफटत येत होते, सारवलेल्या जमिनीवर दोन रेघा उठल्या होत्या. मी त्या रेघांकडेच बघत राहिलो. मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. मुंबईला नेला, शस्त्रक्रिया झाली, चालायला लागला, पण लघवीवरचा ताबा पूर्ण आला नाही.

तेव्हा वाचायला लागलो. डॅशंडचे आखूड पाय आणि पाठीचा आजार यांचं नातं आहे. एफजीएफ४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावर असते, तिच्यामुळे चकत्या अकाली कडक होतात. हे २०१७ साली संशोधकांनी दाखवलं. डॅशंडमध्ये ती प्रत जवळजवळ सगळ्यांत आहे, त्यामुळे ती नसलेला डॅशंड निवडू म्हटलं तर मिळणार नाही. मग फरक कुठे करायचा? नॉर्डिक देशांत पैदाशीच्या डॅशंडचा दोन ते चार वर्षांच्या वयात पाठीचा एक्स-रे काढतात आणि कडक झालेल्या चकत्या मोजतात. कमी चकत्या असलेलाच पुढे वापरायचा. मी दीड वर्षाचा नर वापरला. आजार पाचव्या वर्षी दिसला. मधल्या काळात चौदा पिल्लं घरोघर गेली होती.

मी त्या चौदा घरांचा शोध घेतला. माझ्याकडे वही नव्हती, त्यामुळे अकराच सापडली. त्या अकरांतल्या तिघांना पाठीचा त्रास सुरू झालेला होता. एका घरी आजोबा त्या कुत्र्याला पोटाखाली टॉवेल घालून अंगणात फिरवत होते. त्यांना वाटत होतं, सोफ्यावरून उडी मारली म्हणून झालं, आणि सोफ्यावर चढू दिलं याचा दोष ते स्वतःला देत होते. मी त्यांना सांगितलं, आजोबा, ही पाठ त्याला माझ्या नराकडून आलीय. ते काही बोलले नाहीत, चहा ठेवायला सांगितलं.

त्यानंतर मी एकही पिल्लू काढलं नाही. आंबा आणि कुत्रा यांत एक मोठा फरक आहे, तो मला उशिरा कळला. कलम म्हणजे तेच झाड. हापूसच्या काडीतून हापूसच येतो. पिल्लू म्हणजे दोघांच्या पत्त्यांतून नव्याने पिसून वाटलेला डाव, आणि कुणाच्या हातात काय लपलंय ते दोन-चार वर्षं दिसत नाही. म्हणून पिल्लू विकलं की संबंध संपला असं पिल्लं काढणाऱ्याला म्हणता येत नाही. पुढच्या मेटिंगला लागणारी माहिती त्याच घरांत वाढत असते.

लाटा

अलिबागहून. आमच्याकडे पग होता म्हणून दोन ओळी. मे महिन्यात हवेत एवढा दमटपणा असतो की कपडे वाळत नाहीत. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून, जिभेवरची आणि नाकातली ओल उडवून. हवाच ओली असेल तर ती ओल उडणार कुठे? त्यात पगच्या नाकपुड्या बारीक फटीएवढ्या, टाळूचा मऊ भाग लांब, श्वास जायला जागाच नाही. तो घोरतो ते आम्हाला गोड वाटायचं. चार वर्षं आम्ही त्याचे व्हिडिओ काढले. तो झोपेत श्वासासाठी झगडत होता, हे आम्हाला शेवटच्या उन्हाळ्यात कळलं.

नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची पैदास तिथल्या प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. त्या जातीत हृदयाची झडप आणि कवटीची ठेवण यांचे आजार इतके पसरलेत की निरोगी जोडी मिळणंच अवघड. त्याच खटल्यात बुलडॉगला मात्र मुभा मिळाली. आपल्याकडे तीच कॅव्हेलियर पिल्लं आता हौसेने मागवली जातात, कुणी हृदय तपासल्याचा कागद मागत नाही.

तांबडी_माती

मी वर सहज लिहिलं होतं, ते आता मलाच हलकं वाटतंय. पण एक विचारतो, राग मानू नका. चाचण्या, एक्स-रे, विशेषज्ञ हे सगळं मुंबई-पुण्याला. आमच्या तालुक्यात साधं एक्स-रे मशीन नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, बारावी झाल्यावर नोकरी मिळाली नाही, दोन मादी पाळून घर चालवतो. कुत्र्यांना स्वतःच्या ताटातलं घालतो. त्याने काय करायचं? सगळंच बंद करायचं का?

गुरांचा_डॉक्टर

हा प्रश्न विचारलात ते बरं केलं, कारण बहुतेक चुका वाईट माणसांकडून नाही, अशाच चांगल्या मुलांकडून होतात.

त्याने बंद करू नये. गुडघा तपासायला मशीन लागत नाही, शिकलेला अंगठा लागतो. हृदयाची कुरकुर ऐकायला स्टेथोस्कोप लागतो. हे दोन्ही तालुक्याच्या दवाखान्यात होतं. वर्षातून एकदा आपल्या माद्या आणि ज्या नराकडे न्यायच्या तो नर, दोघांचं हे करून घ्यावं आणि तारीख घालून लिहून ठेवावं.

ज्या आजारांत एकच जनुक दोषी आहे तिथे काम अजून सोपं आहे. टॉय पूडल आणि कॉकरमध्ये दृष्टी हळूहळू जाते, आधी रात्रीची, मग दिवसाची. त्याचा पीआरसीडी नावाचा प्रकार अप्रभावी जनुकाने येतो. दोष आईबाप दोघांकडून मिळाला तरच कुत्रं आंधळं होतं. एकाकडूनच मिळाला तर ते वाहक, त्याला स्वतःला काही होत नाही. वाहक आणि वाहक यांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला आंधळं होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक आणि निर्दोष यांची लावली तर एकही पिल्लू आंधळं होत नाही. म्हणजे वाहकाला हाकलायची गरज नाही, त्याची जोडी बघून लावायची. गालाच्या आतून कापसाच्या काडीवर नमुना घेऊन कुरियरने प्रयोगशाळेत पाठवता येतो, घाट चढावा लागत नाही.

नात्याचं मात्र कोकणात फार जपायला हवं. एका तालुक्यात चांगले म्हणवणारे पॉमचे नर तीन. सगळ्या माद्या त्यांच्याकडेच जातात. दोन पिढ्यांत कितीतरी पिल्लं एकमेकांची सख्खी नाहीतर सावत्र भावंडं. सावत्र भावंडांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचं प्रमाण १२.५ टक्के येतं, सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लांत २५. माणसांचं स्थळ बघताना आपण गोत्र विचारतो, आजोळ विचारतो. कुत्र्याच्या बाबतीत फक्त रंग विचारतो.

कायद्याचंही सांगतो. केंद्र सरकारचे २०१७ चे श्वानपैदास आणि विक्रीचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, मादी दीड वर्षाची होण्याआधी मेटिंग नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, नोंदी ठेवायच्या. त्या मुलाला हे नक्की सांगा. आणि घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो. त्यातून आईबापांची नावं कळतात, गुडघे कळत नाहीत.

सुरंगी

खाडीकाठ यांच्याशी फोनवर बोलले, त्यांच्या परवानगीने लिहितेय. माझा पॉम आणि झुमकी यांचा बाप एकच आहे. आया वेगळ्या. आणि झुमकीसाठी देऊ केलेला नर त्याच बापाचा मुलगा आहे.

आम्ही दोघींनी मिळून अजून पाच घरं शोधली. लांज्याची दोन, कणकवलीचं एक, ठाण्याची दोन. काही विशेष केलं नाही, पिल्लू आणताना घेतलेल्या फोटोंत जी बाकीची पिल्लं होती ती कुठे गेली एवढंच विचारत गेलो. पाचांतल्या तिघांनी सांगितलं, "हो, आमचं पण मधेच तीन पायांवर चालतं, आम्हाला ती त्याची लकब वाटायची." त्यांना आम्ही डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय, दोघांचं दाखवून झालं, दोघांच्याही वाट्या सरकतात. ठाण्यातल्या एका ताईंच्या कुत्रीला फोनवर बोलतानाच खोकला आला, बदकासारखा कर्कश. श्वासनलिका चपटी होण्याचा त्रास पॉममध्ये असतो हे वाचलं होतं, म्हणून गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा वापरा आणि लगेच तपासून घ्या म्हटलं. त्या दोन पावसाळे दमट हवेवर खापर फोडून खोकल्याचं औषध देत होत्या.

कलमवाला

सुरंगी, ही सगळी घरं एका वहीत लिहा. बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, काय झालं, कितव्या महिन्यात दिसलं. ज्यांना काही झालेलं नाही त्यांचंही लिहा. निरोगी भावंडांची नोंद तेवढीच महत्त्वाची असते.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचं सांगते.

मी आणि सुरंगी, दोघी मिळून त्या गृहस्थांकडे गेलो. भांडायला नाही. सात कुत्र्यांची माहिती एका कागदावर लिहून नेली होती. आधी ते पुन्हा फरशीवरच आले. मग म्हणाले, सात हजार घरांत पॉम आहेत, सगळ्यांनाच कुठे होतं. मी म्हटलं, काका, तुमच्या नराचा गुडघा मी बघू का? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी स्वतःच त्याला उचलून ओट्यावर ठेवला. मला कोल्हापूरला शिकवलं होतं तसा मी अंगठा ठेवला. वाटी माझ्या अंगठ्याखालून गेली आणि परत आली. मी त्यांचं बोट तिथे ठेवलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः ठेवलं.

त्यांच्या बायको मागे दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी त्या लांज्याच्या बाईंनी पण सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाही."

ते पुढच्या महिन्यात एक मादी त्याच नराला दाखवणार होते. ते मेटिंग थांबवलंय एवढं त्यांनी आमच्यासमोर फोन करून सांगितलं. त्या नराच्या बापाचं काय करणार ते बोलले नाहीत. तो म्हातारा आता आठ वर्षांचा आहे, ओसरीवर झोपलेला होता. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात दाखवा, मी गाडी घेऊन येते, असं सांगून आलेय. गुरुवारी फोन करणार आहे.

झुमकीच्या नसबंदीची तारीख कोल्हापूरला पुढच्या सोमवारची मिळालीय. नणंदेला सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी तिचा मेसेज आला, पायऱ्यांवर फळी टाकून उतार केला तर झुमकीला बरं पडेल का म्हणून. भावजींनी फणसाच्या लाकडाची जुनी फळी काढून ठेवलीय. तिच्यावर काथ्याची चटई ठोकायची म्हणजे पाय घसरणार नाहीत. डॉक्टर, उताराची लांबी किती ठेवू? पायऱ्यांची एकूण उंची दीड फूट आहे.